दम खात गाळलेलं पाणी

टेकचंद तितिरमारे जागा आहे की झोपेत, हे गावाला पुष्कळदा कळत नसे. सिहोऱ्याच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, एक वाट बोडीटोल्याला जाते. तिथल्या नळयोजनेवर पाणी सोडायचं काम तो तरुणपणापासून करत आला होता. पहाटे मोटार सुरू करायची, टाकी भरू द्यायची, मग एकेका मोहल्ल्याचा वाल्व्ह फिरवायचा. वाल्व्ह फिरवला की टेकचंद पाइपवर तळहात ठेवून बसे. पाणी आतून पुढे सरकलं की लोखंड आधी किंचित थरथरतं आणि मग गार पडतं. ते गारपण हाताला लागेपर्यंत तो हलत नसे, आणि लागल्यावरही बरेचदा हलत नसे. वरच्या मोहल्ल्यातल्या बाया पाण्याचे रिकामे हंडे, गुंड, घेऊन वाट पाहत. शेवटी कुणीतरी टाकीपाशी येऊन हाक मारी, "टेकचंदभाऊ, आमच्याकडचं सोडा न जी," तेव्हा तो फार लांबून परत आल्यासारखा उठे.

त्याची बायको चंदा म्हणायची, "यांचं अर्धं आयुष्य पाण्यात गेलं न अर्धं सपनात. मी कोणत्या अर्ध्यात आहो, मले अजून समजलं नाही."

हे ती रागानं म्हणत नसे. धानाची जमीन, दोन म्हशी आणि घर तिच्याच हातावर चाले. मुलगा मनिष वरठीच्या पोलाद कारखान्यात लागून तिकडेच खोली करून राहिला होता. सकाळी चुलीपाशी बसून नवऱ्याची स्वप्नं ऐकणं हा तिचा दिवसातला एकच निवांत वेळ. टेकचंदला स्वप्नं पडत ती बहुतेक पाण्याची. बोडीतलं, म्हणजे गावतळ्यातलं, कमळ उपटावं तर खाली देठाऐवजी नळ निघतो. गावातली सगळी माणसं टाकीत उतरून उभी आहेत आणि कुणाच्याच अंगाला पाणी लागत नाही. चंदा सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चहा घ्या आता, थंडा होऊन राहिला."

बोडीटोल्याच्या बोअरचं पाणी दिसायला अगदी निवळ. वास नाही, गढूळपणा नाही. पण त्यात फ्लोराइड होतं. खोल खडकातून विरघळून ते पाण्यात येत होतं आणि वर्षानुवर्षं माणसांच्या हाडांत जाऊन बसत होतं. पोरांच्या दातांवर चहाच्या डागांसारखे पट्टे उठत. म्हाताऱ्यांचे गुडघे आणि कंबर आखडत. गावात याला कुणी आजार म्हणत नव्हतं. आपल्या गावची माणसं अशीच, एवढंच लोक म्हणायचे.

टेकचंदची आई रुखमिणीबाई त्या पाण्यानं वाकत गेली. शेवटच्या वर्षांत तिची कंबर अशी धरली होती की समोरचं झाड तिला फक्त बुंध्यापर्यंत दिसायचं. तरी संध्याकाळी ती बोडीच्या बांधावर, पाळीवर, जायचीच. चार पावलं टाकायची, गुडघ्यावर हात टेकून थांबायची, दम खायची, पुन्हा चार पावलं. टेकचंद तिच्या मागून चालायचा. त्यानं घाई केली तर ती म्हणायची, "थांबू दे रे जरासं. बोडी काय पळून चालली."

ती गेली तेव्हा अंगणात धानाची मळणी, चुरणं, चालू होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तालुक्याहून माणसं आली, पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली, आणि पुन्हा आली ती हातपंपाला लाल रंग फासायला. हे पाणी, नळाचंही, वापरा, पण पिऊ नका, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी टेकचंद पाइपवर हात ठेवून बसला तो दुपारपर्यंत उठलाच नाही. आईच्या माठात रोज सकाळी जे पाणी पोचत होतं, ते त्यानंच सोडलेलं होतं. त्या दिवशीचे वाल्व्ह चंदानं येऊन फिरवले.

मग पिण्याचं पाणी बाया लांबच्या एका विहिरीवरून आणू लागल्या. पंचायतीनं आरओचं एक यंत्र बसवलं, पण ते जेवढं पाणी गाळी त्याहून जास्त नालीत सोडी, आणि वर्षाच्या आत त्याच्या गाळणाऱ्या पडद्यांवर चुना बसून ते बंद पडलं. टिनाची शेड तेवढी उरली. तिच्यात कुणी धानाचा पेंढा, तनस, ठेवू लागलं, कुणी बकऱ्या बांधू लागलं.

डिंपल आली ती लाखोळीचं पीक फुलावर असताना. धान निघालेल्या बांध्यांमधून निळसर फुलांचा नुसता धूर पसरला होता, आणि त्यातून एक मुलगी डोक्याला रुमाल बांधून स्कूटीवर येत होती. मागे छोटा टेम्पो. ती मूळची वरठीची. वडील तिथल्याच कारखान्यात होते. नागपूरच्या एका कॉलेजात ती पाणी गाळण्याच्या नव्या पडद्यांवर संशोधन करत होती आणि तिच्या यंत्राची चाचणी बोडीटोल्याच्या बोअरवर व्हायची होती. बकऱ्या बाहेर निघाल्या, शेड झाडून झाली, आणि राखणीला व मदतीला पंचायतीनं टेकचंदलाच दिलं, कारण पाण्याचं काही असलं की टेकचंद, हे ठरलेलं होतं.

पहिल्याच दिवशी डिंपलनं त्याच्या हातावर पडद्याचा एक तुकडा ठेवला. मेंब्रेन म्हणतात याला, ती म्हणाली. एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं काळा आणि ओल्या दगडासारखा चमकणारा. टेकचंदनं तो उन्हाकडे धरला. कुठं एक भोक दिसेना.

"याच्यातून पाणी जाते?" त्यानं विचारलं.

"जाते न काकाजी. दाबून ढकललं तर जाते."

"न फ्लोराइड?"

"ते एकटं फिरत नाही. अंगाभोवती पाणी पांघरून फिरते, म्हणून जाडं होते. या दारातून नाही मावत." ती हसली. "जुन्या पडद्याले लई दाब लागे. हा नवीन आहे, यावरचा काळा थर इतका पातळ आहे का पाण्याले जास्त ढकलावं लागत नाही. पण चुना यावरही बसते. तो बसू नये म्हणून काय करावं, हेच तर पाहायचं आहे."

टेकचंदनं तो तुकडा खिशात ठेवला. पाणी पांघरून फिरणारं फ्लोराइड त्याला फार आवडलं. थंडीच्या दिवसांत घोंगडी घेऊन दाराशी अडलेलं एखादं म्हातारं माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

यंत्राला एक संगणक जोडलेला होता, आणि खरं काम तोच करत होता. डिंपलनं ते टेकचंदला समजावून सांगितलं, शेडच्या सावलीत बसून, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलता सोलता. पाण्याला किती दाब द्यायचा, किती वेगानं फिरवायचं, किती वेळ गाळायचं, कधी थांबायचं, कधी उलटं पाणी सोडून पडदा धुवायचा, या सगळ्याच्या जुळण्या इतक्या होतात की एकेक करून पाहायच्या म्हटलं तर जन्म पुरत नाही.

"मग निसर्ग करते तसं करायचं," ती म्हणाली. "आधी डोळे मिटून काही जुळण्या घ्यायच्या. त्या चालवून पाहायच्या. ज्या बऱ्या निघाल्या त्या ठेवायच्या. मग दोन बऱ्यांमधलं अर्धं अर्धं घेऊन त्यांची लेकरं बनवायची. आणि प्रत्येक लेकरात एखादी बारीकशी चूक मुद्दाम टाकायची."

"चूक कायले?"

"चूक नसली तर नवीन काही येणारच नाही न काकाजी. नुसतं जुनंच फिरत राहीन."

ही लेकरं वाढवायची, त्यांतली बरी निवडायची, पुन्हा त्यांची लेकरं. संगणक हजारो जुळण्या आतल्या आतच हिशोबानं तपासून पाही आणि निवडक तेवढ्या खऱ्या यंत्रावर चालवी.

"आमचे बाबूजी धानाचं बियाणं असंच काढत," टेकचंद म्हणाला. "कापणीच्या आधी बांधीत फिरून भरलेल्या लोंब्या तेवढ्या वेगळ्या खुडून आणत."

"तेच आहे हे. तिथं वर्षाले एक पिढी, इथं रोज."

"राहिलेल्या लोंब्या आम्ही खाऊन घेत होतो," टेकचंद थोड्या वेळानं म्हणाला. "तुमच्या राहिलेल्या कुठं जातात?"

डिंपलनं शेंग सोलणं थांबवलं. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "कुठंच नाही. पुसल्या जातात."

दिवस असे जाऊ लागले. डिंपल सिहोऱ्याला खोली घेऊन राहिली होती, सकाळी धुकं असतानाच यायची. टेकचंद मोहल्ल्यांचं पाणी सोडून शेडमध्ये येई आणि भिंतीला पाठ लावून बसे. यंत्र चाले. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की प्रत्येक जुळणीचा आवाज निराळा आहे. एक धापा टाकत पळे, एक गुणगुणे, एक मध्येच गचका देऊन दिशा बदली. तो त्यांना चाली म्हणू लागला, आणि डिंपलच्याही तोंडी तो शब्द बसला. "आजच्या चाली कशा आहेत, काकाजी?" ती विचारी. तो म्हणे, "सकाळची बरी होती. आता जी चालू आहे, ती घाईची आहे."

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक चाल एक रंगीत ठिपका असे. बरे ठिपके वर सरकत, बाकीचे फिके होत आणि नाहीसे होत. टेकचंदला ते पाहवत नसे. तो ऐकणंच पसंत करी.

एका दुपारी त्याचा डोळा लागला. ऊन टिनावर तडतडत होतं, यंत्र घुमत होतं, आणि त्या घुमण्यातून त्याला एक लांब रांग दिसू लागली. रांग एका काळ्या कापडाच्या दारापुढे उभी होती. तो स्वतःही रांगेत होता, आणि त्याला ठाऊक होतं की आपण पाणी आहोत. दाराशी प्रत्येकजण अंगावरची घोंगडी काढून बाजूला ठेवी आणि कापडातून पलीकडे जाई, कापड न फाटता, न हलता. पुढे कुठंतरी त्याची आई होती. ती चार पावलं चालून थांबली. रांगही थांबली, कुणी कुरकुरलं नाही. मग ती पुन्हा चार पावलं चालली. दारापाशी तिनं पाठीवरून काहीतरी उतरवलं, आणि वर पाहिलं, झाडाच्या शेंड्याकडे पाहावं तसं.

तो जागा झाला तेव्हा शेडमध्ये शांतता होती. यंत्र थांबलेलं होतं. बिघडलं की काय म्हणून तो उठणार, एवढ्यात मोटार हळूच सुरू झाली, थोडा वेळ चालली, आणि पुन्हा थांबली. मग पुन्हा.

"ही चाल कोणती?" त्यानं विचारलं.

डिंपलनं संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "ही? ही आळशी आहे काकाजी. चालण्यापेक्षा थांबतेच जास्त. पाणी बहुत कमी देते. पुढच्या पिढीत राहणार नाही."

टेकचंद ऐकत राहिला. चालणं, थांबणं, चालणं. थांबलं की गाळणाऱ्या पडद्यावर दाटलेलं खारं पाणी पुन्हा सैल होत असावं, कारण पुन्हा सुरू होताना मोटार अगदी अलगद उचले. "आपण हिले म्हातारी म्हणू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डिंपलला विचारलं, म्हातारीला आणखी थोडे दिवस ठेवता येईल का. असं काही मागायची त्याला सवय नव्हती, आणि मागताना तो जमिनीकडे पाहत होता.

"काहून, काकाजी?"

त्यानं आईचं सांगितलं. पाळीवरचं चालणं सांगितलं, स्वप्न सांगितलं. डिंपलला हसू आलं नाही. ती म्हणाली, "तिच्यातलं काही चांगलं असन तर ते लेकरांत जाईनच. ती गेली तरी पूर्ण नाही जात."

"मेलेल्या माणसाचंही असंच सांगतात," टेकचंद म्हणाला.

त्या दुपारी डिंपलनं संगणकाची निवड बाजूला ठेवली आणि म्हातारीला शेवटचं एकदा चालवलं, संध्याकाळपर्यंत. चंदा म्हशींना पाणी दाखवून येता येता शेडपाशी थांबली. आत नवरा डोळे मिटून बसलेला, मुलगी हात बांधून उभी, आणि मधोमध यंत्र चार पावलं चालून दम खात असलेलं. चंदा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली आणि ऊन कलल्यावर घरी गेली.

संगणकानं पुढची पिढी घडवली तेव्हा म्हातारी तिच्यात नव्हती.

नंतरच्या दिवसांत चाली जोमदार झाल्या. भरपूर दाब, लांबलचक पळणं, पाणी धो धो. ठिपके वर वर चढत होते आणि डिंपलचे कॉलेजातले सर फोनवरून खूश होते. पण थंडी ओसरता ओसरता सगळ्या चाली एकमेकींसारख्या वाजू लागल्या. डिंपलनं हे संगणकाच्या पडद्यावर आधीच पाहिलं होतं. ठिपके सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झाले होते, एकाच घरातले असल्यासारखे. लेकरं जन्मत होती ती आईबापांची नक्कल. तिनं काही उपाय केले, पण उशीर झाला होता. एका सकाळी पाण्याची धार बारीक झाली आणि दुपारी यंत्र स्वतःहून बंद पडलं. तिनं नळी उघडून पडदा बाहेर काढला. काळ्या चमकदार अंगावर पांढरी पपडी बसली होती, भिंतीला पोतेरं मारावं तशी.

सोबत आणलेले पडदे मोजकेच होते, आणि सरांनी मार्चअखेर आटोपतं घ्यायला सांगितलेलं. डिंपल बोडीच्या पाळीवर जाऊन बसली. पाण्यावर बदकं उतरली होती, लांब एक बगळा एकाच पायावर उभा होता. टेकचंद तिच्यापासून थोड्या अंतरावर जाऊन बसला. शेवटी चंदा आली आणि मुलीचा हात धरून तिला घरी घेऊन गेली. लाखोळीच्या डाळीचे वडे, भात, वांग्याची भाजी.

"यंत्र बिघडलं, तू तर नाही बिघडली न," चंदा म्हणाली. "जेव आधी."

डिंपल जेवली. जेवता जेवता मध्येच तिचा हात थांबला. "काकू, मी त्याले चुकीचं विचारून राहिली होती," ती म्हणाली.

"कोणाले?"

"संगणकाले. एका तासात जास्त पाणी कोण देते, एवढंच मी विचारलं. त्यानं तसेच निवडले, सारे पळणारे. पडदा किती दिवस जगन, हे मी विचारलंच नव्हतं."

चंदानं तिच्या ताटात आणखी एक वडा टाकला. "मंग आता विचार."

डिंपलनं सगळं नव्यानं मांडलं. पाण्याबरोबर आता पडद्याचं आयुष्यही मोजलं जाणार होतं. शिवाय प्रत्येक पिढीत काही अगदी परक्या, डोळे मिटून घेतलेल्या चाली सोडायच्या, म्हणजे सगळं एकाच घरचं होणार नाही. टेकचंदनं एकदा चाचरत विचारलं, म्हातारीला आणता येईल का. ती म्हणाली, "नाही काकाजी, आता पूर्ण कोऱ्यापासून करतो. तिले आणलं तर मीच निवडून राहिली असं होईन." त्याला ते पटलं. त्याच्या वडिलांनीही कधी बायकोच्या आवडीची लोंबी म्हणून बियाण्याला घेतली नव्हती.

मोहफुलं पडायला लागली. सकाळी झाडाखाली त्या फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असे आणि त्यांचा गोडसर, जड वास शेडपर्यंत येई. त्या वासात माणसाला नुसतं बसल्या बसल्या गुंगी येते. टेकचंदला तर यायचीच. एका दुपारी असाच तो भिंतीला टेकून होता आणि त्याला वाटलं, मागून कुणी चालत येत आहे. चार पावलं. थांबणं. चार पावलं. त्यानं डोळे उघडले नाहीत. उघडले तर ती थांबेल, असं त्याला वाटलं. मग त्याला मोटारीचा आवाज ओळखू आला, आणि तरीही तो डोळे मिटूनच बसला. ही चाल म्हातारीहून चपळ होती, थांबणं छोटं होतं, पण वारंवार होतं, आणि दर थोड्या वेळानं उलट्या पाण्याची एक हलकी झुळूक पडद्यावरून फिरून जाई, ओल्या हातानं पाटी पुसावी तशी.

"डिंपलबाई," तो म्हणाला, "म्हातारी आली."

डिंपल संगणकाच्या पडद्यापुढेच होती. ही चाल गेले काही दिवस सगळ्यांच्या वर राहिली होती. पाणी पुरेसं होतं, आणि पपडी जवळपास धरतच नव्हती. "थांबा, पाहतो," ती म्हणाली, आणि तिनं त्या चालीची वंशावळ उघडली. फांद्यांमागे फांद्या. ती बोटानं एकेक पिढी मागे जात राहिली. टेकचंद तिच्या बोटाकडे पाहत होता.

"नाही काकाजी," ती शेवटी म्हणाली. "हिचं तिचं काही नातं नाही. ती पुसल्या गेली होती, तिचं इथं काहीच नव्हतं. हे थांबणं इथून आलं, पाहा. एका परक्या चालीत. आपण मुद्दाम टाकतो न, त्या चुकीतून."

"म्हणजे ही कोणी दुसरीच."

"दुसरीच."

"पण चालते तशीच."

"हो," डिंपल म्हणाली. "चालते तशीच."

तिला वाटलं होतं तो हिरमुसेल. पण टेकचंदच्या चेहऱ्यावर काही निराळंच उमटलं होतं. आईचं ते चालणं आईबरोबर संपलं, असं त्यानं इतके दिवस धरलं होतं. आता त्याला कळलं की ते चालणं आईचं एकटीचं नव्हतंच. कुणालाही न विचारता, कुणाकडूनही न घेता ते कुठंही पुन्हा उगवू शकत होतं, पडीक बांधीत आपसूक धान उगवतं तसं. तो उठला, मोहाच्या झाडापर्यंत गेला, आणि तिथं उभा राहून शेंड्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

मार्चअखेर चाचणी संपली. पडदा बाहेर काढून पाहिला तर काळा आणि चमकदार, एखाद्या कडेला तेवढी पांढरी रेघ. सर नागपूरहून आले, त्यांनी पाणी तपासलं, यंत्र गावाकडेच ठेवायचं ठरवलं. शेडबाहेर एक नळ काढला. पहिल्या सकाळी सारा बोडीटोला गुंड घेऊन जमला. शेजारच्या श्यामरावनं ओंजळीनं पाणी पिऊन बघितलं आणि मान हलवली. "याले तर काही चवच नाही," तो म्हणाला. दोन-चार म्हाताऱ्यांनी त्याची री ओढली. पण त्याच दिवशी चंदानं त्या पाण्यात डाळ शिजवली आणि ती पहिल्याच शिट्टीत लोणी झाली. ती बातमी चवीच्या तक्रारीपेक्षा लवकर मोहल्ल्यात पसरली. आठवड्याभरात लांबच्या विहिरीची वाट वाळल्या पानांनी झाकली जाऊ लागली.

ज्यांची हाडं धरली होती ती काही सरळ झाली नाहीत. ते पाण्याच्या हातात नव्हतं. डिंपलनं हे गावाला आधीच सांगितलं होतं, आणि टेकचंदही विचारणाऱ्याला तसंच सांगे. पण येती पोरं पांढऱ्या दातांची निघतील, एवढं धरून चालायला हरकत नव्हती.

जायच्या दिवशी डिंपल घरी आली. चंदानं तिला खणाचं कापड आणि वड्यांचा डबा दिला. टेकचंदनं विचारलं, "संगणक घेऊन जाता?"

"नाही, राहू देतो. पावसाळ्यात तुमच्या बोअरचं पाणी बदलन, उन्हाळ्यात पुन्हा बदलन. म्हणून त्याले सांगून ठेवलं आहे, बहुतेक वेळ बरी चाल चालव, पण मधून मधून एखादी नवीनही पाहत जा."

"न ती बरी नाही निघाली तर?"

"तर पुसन. पण तुम्ही ऐकाल न तेवढ्यात."

स्कूटी बांध्यांमधून निघून गेली. बांध्या आता कोरड्या होत्या, भेगाळलेल्या, आणि उन्हात वाट हलत असल्यासारखी दिसत होती. टेकचंद ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, आणि त्यानंतरही. चंदानं आतून हाक मारली तेव्हा तो वळला.

"आज काय सपन पडलं होतं, ते नाही सांगतलं जी," ती म्हणाली.

त्यानं आठवून पाहिलं. "पडलंच नाही."

"अरे वा," चंदा म्हणाली आणि त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग दोघं जेवायला बसली.

दुपारी तो शेडमध्ये गेला. बाया पाणी भरून गेल्या होत्या, नळाखालची जमीन ओली होती आणि तिच्यावर फुलपाखरं बसली होती. तो आपल्या जागी, भिंतीला टेकून बसला. यंत्र ओळखीच्या चालीनं चालत होतं. मग एका क्षणी ते थबकलं, आत काहीतरी टिकटिकलं, आणि एक वेगळीच चाल सुरू झाली. आधी अडखळत, मग उड्या मारल्यासारखी, मध्येच एक लांब गुणगुण. ही त्यानं पूर्वी कधी ऐकलेली नव्हती. बरी होती की वाईट, ते त्याला कळेना. त्यानं पाइपवर तळहात ठेवला, लोखंड थरथरलं, आणि तो डोळे उघडे ठेवून ऐकू लागला.